शेजारच्या आजींचे दोन नवरे आणि स्वर्गातली खतावणी

बर्फातली_सातारकर

प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा. आमच्या गल्लीत चहा पिणारं घर एकच, ते आमचं.

अमेरिकेतल्या युटा राज्यात लीहाय नावाचं गाव आहे, तिथे आम्हाला सहा वर्षं झाली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी घरून लोकांचे हिशेब लिहिते. आजूबाजूला जवळजवळ सगळी मॉर्मन घरं (ख्रिस्ती धर्मातून निघालेला, अमेरिकेत जन्मलेला पंथ). आधीच सांगते, माणसं सोन्यासारखी आहेत. बर्फ पडला की आम्ही उठायच्या आत कुणीतरी आमच्या दारातला बर्फ काढून गेलेलं असतं, आणि कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. तेव्हा "जपून राहा, बाटवतील" छापाचे प्रतिसाद नकोत.

शेजारी एक आजी राहतात, वय ८२. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले. मार्चमध्ये आजींनी टॅक्सचे कागद लावून द्यायला मला बोलावलं. सगळे कागद बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात. (हो, तोच डबा. आपल्याकडे त्यात सुई-दोरा असतो एवढाच फरक.) त्यात घड्या पडलेला एक जुना तक्ता निघाला. वर आई-बापाची नावं, खाली चार मुलं, जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा, आणि शेवटच्या रकान्यात चौघांपुढे तीनच अक्षरं: बीआयसी. मला रिकामा किंवा न कळणारा रकाना बघवत नाही, धंद्याची खोड. विचारलं. त्या म्हणाल्या, "बॉर्न इन द कव्हेनंट." आई टेंपलमध्ये (त्यांचं खास देऊळ, रोजच्या चर्चहून वेगळं) नवऱ्याशी 'सील' झाली की त्यानंतर होणारी मुलं आपोआप त्या जोडप्याची, या जन्मात आणि मेल्यावरही. मी म्हटलं, छान की. त्यांनी बापाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "पण मेल्यावरचा बाप हा नाही."

झालंय असं. आजींचं पहिलं लग्न १९६५ चं, टेंपलमध्ये, 'काळासाठी आणि अनंतकाळासाठी'. तीन वर्षांत तो मुलगा ट्रॅक्टर उलटून गेला. मूलबाळ नव्हतं. १९७१ साली दुसरं लग्न झालं, पण ते 'काळापुरतं', म्हणजे मरेपर्यंतचं. कारण बाई हयातीत एकाच पुरुषाशी सील होऊ शकते आणि आजींचं ते आधीच झालेलं. आता पुढचं वाचा. दुसऱ्या लग्नातली चारही मुलं पहिल्या सीलिंगमध्ये जन्मली असं धरतात. ज्या माणसानं एक्कावन्न वर्षं संसार केला, चौघांना सायकल शिकवली, माझ्या बंद पडलेल्या स्नोब्लोअरचा कार्ब्युरेटर उणे दहात बसून साफ करून दिला, त्याची मुलं वरच्या वहीत दुसऱ्याच्या नावे. आणि तो दुसरा त्या मुलांतलं थोरलं जन्मायच्या आधीच गेलेला! माल एकाचा आणि पावती दुसऱ्याच्या नावानं फाडलेली.

यात एक अडचण आजच्या तारखेची आहे. इथल्या दफनभूमीत दगडावर नवरा-बायकोची नावं आणि ज्या टेंपलमध्ये लग्न लागलं त्या टेंपलचं चित्र कोरतात. आजोबांच्या दगडावर टेंपल नाही, ट्राउट मासा आहे. आजींच्या नावाची जागा कोरी. तिकडे तासाभरावरच्या गावात पहिल्या नवऱ्याचा दगड आहे, त्यावर १९६८ पासून आजींचं नाव कोरलेलं आहे. जन्मसाल, मग एक आडवी रेघ, मग काही नाही. म्हणजे अठ्ठावन्न वर्षं तो दगड त्यांची वाट बघतोय.

मला म्हणाल्या, "तुमच्यात काय करतात?" मी म्हटलं, आमच्यात जाळतात, जागेचा प्रश्न येत नाही. खूप हसल्या.

तर विचारायचं हे की नियम खरंच असा आहे, की आजींच्या काळात असेल आणि आता बदलला? पुरुषांनाही हाच लागू होतो का? आणि "फॅमिलीज आर फॉरएव्हर" अशा पाट्या घराघरात लावणाऱ्या लोकांना हे खटकत कसं नाही? सात जन्मांचा विनोद कृपया कुणी टाकू नका. तो दर वटपौर्णिमेला फोनवर येतो.

ओरेमचा_जुना_भाडेकरू

ताई, २३ वर्षं या पट्ट्यात काढली, त्यातली सात एका मॉर्मन घरमालकाच्या तळघरात. रात्री त्यांच्याशी वाद घालून घालून हा विषय पाठ झालाय.

आजी सांगतात ते बरोबर आहे, फक्त एक पोटकलम राहिलं. बाई आणि तिचे सगळे नवरे वारले की नातेवाईक टेंपलमध्ये जाऊन तिला उरलेल्या नवऱ्यांशीही सील करून घेऊ शकतात. मेलेल्यांच्या जागी जिवंत माणसं बसतात, वेदीशी गुडघे टेकतात, हातात हात देतात. म्हणजे आजींच्या मागे त्यांची मुलं आजोबांशी त्यांचं लग्न लावू शकतात. मग दोन नवऱ्यांतला खरा कोणता? घरमालक म्हणायचे, "देव बघून घेईल."

पुरुषांचं मात्र वेगळं. बायको वारली की तो दुसरीशी हयातीतच सील होतो, आणि दोन्ही टिकतात. लपवाछपवी काही नाही, अगदी वरपासून असंच आहे. चर्चचे अध्यक्ष रसेल नेल्सन (२०२५ साली वारले) यांची पहिली पत्नी २००५ मध्ये गेली, २००६ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं, तेही सीलिंगनं. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेले डॅलिन ओक्स यांचंही तसंच: पहिली पत्नी १९९८ मध्ये गेली, दुसरं लग्न २०००. याच ओक्स यांनी २०१९ च्या ऑक्टोबरच्या परिषदेत एका बाईचं पत्र सांगितलं होतं. ती विधुराशी लग्न करणार होती आणि तिला विचारायचं होतं की वर गेल्यावर मला वेगळं घर मिळेल की पहिलीबरोबर राहावं लागेल? सभागृहात हशा पिकला. उत्तर काय, तर देवावर भरवसा ठेवा. मी ते घरमालकांच्या सोफ्यावर बसून पाहिलं. घरमालक हसले. मालकीणबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तेवढ्यानं मला जे कळायचं ते कळलं.

मुळाशी जायचं तर 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' या त्यांच्या धर्मग्रंथाचं १३२ वं प्रकरण वाचा. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ यानं ते १२ जुलै १८४३ ला इलिनॉयमधल्या नॉवू गावात लिहून घेतलं. ज्यांचं लग्न या सीलिंगच्या अधिकारानं लागलं ते पुढे देव होतील, बाकीचे देवदूत, म्हणजे वरच्यांच्या सेवेला, आणि कायम एकटे. सगळे हेच गोडगोड वाचून थांबतात. पण त्याच प्रकरणात बहुपत्नीत्वाचीही आज्ञा आहे, आणि जोसेफच्या बायकोचं, एमाचं, नाव घेऊन तिला बजावलंय की हे मान्य कर, नाहीतर तुझा नाश होईल. देव एका बाईला नावानिशी दम भरतो, तेही तिच्या नवऱ्याच्या तोंडून! २०१४ साली चर्चनंच आपल्या लेखात मान्य केलं की जोसेफच्या बायका तीस ते चाळीसच्या दरम्यान असाव्यात, काही जणींचे नवरे तेव्हा हयात होते, आणि एक मुलगी पंधराचीही पुरती झालेली नव्हती.

जोसेफ १८४४ मध्ये मारला गेल्यावर त्याच्यामागून पुढारी झालेल्या ब्रिगम यंगनं त्याच्या काही विधवांशी 'काळापुरतं' लग्न केलं. त्यांना ब्रिगमपासून झालेली मुलं अनंतकाळासाठी जोसेफची. तुमच्या आजींचा बीआयसीचा रकाना तिथून आलाय. १८९० मध्ये सरकारच्या रेट्यानं बहुपत्नीत्व थांबवल्याचं जाहीर केलं, पण ते जमिनीवरचं. वरच्या वहीत एका पुरुषाखाली दोन बायका अजून बसतात.

नगरचा_ख्रिस्ती

हा प्रश्न तर दोन हजार वर्षं जुना आहे! मत्तय, अध्याय २२. आमच्याकडे नगरला संडे स्कूलमध्ये पाठ करून घ्यायचे.

सदूकी लोक पुनरुत्थान मानत नसत. येशूला पेचात पकडायला त्यांनी गोष्ट रचली. सात भाऊ. थोरल्याचं लग्न झालं, तो निपुत्रिक मेला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे धाकट्यानं वहिनीशी लग्न केलं, तोही मेला. असे सातही गेले, शेवटी ती बाई गेली. आता पुनरुत्थानात ती सातांपैकी कोणाची बायको? येशूनं उत्तर दिलं की तिथे कोणी लग्न करत नाही की करून देत नाही, माणसं स्वर्गातल्या दूतांसारखी असतात.

म्हणजे आजींचा प्रश्न बायबलमध्ये जवळजवळ शब्दशः आहे आणि उत्तरही आहे. माझ्या आजीला (दोन दिरांच्या कटकटीत आयुष्य गेलेलं) हे वचन फार आवडायचं. ती म्हणायची, "बरं झालं, तिथे तरी कोणाचा डबा करायचा नाही."

मॉर्मन मिशनऱ्यांना मी हे एकदा विचारलं होतं. वीस-एकवीस वर्षांची दोन पोरं, पांढरे शर्ट, छातीवर काळी पाटी. त्यांचं उत्तर तयार होतं: तिथे लग्न *लागत* नाही म्हणूनच तर इथे लावून जायचं. हुशार उत्तर आहे, पण मग सदूक्यांचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. सातही भाऊ इथेच लग्न लावून गेले होते. ती कोणाची? पोरं म्हणाली, प्रार्थना करून बघा.

बर्फातली_सातारकर

@ओरेमचा_जुना_भाडेकरू, मालकीणबाई उठून गेल्या हे वाचून पोटात कालवलं.

"देव बघून घेईल" याला आमच्या धंद्यात शब्द आहे: उचंत खातं. ताळा जमत नाही, फरक कुठला ते कळत नाही, वर्ष तर बंद करायचंय, मग ती रक्कम उचंतमध्ये टाकायची आणि शेरा मारायचा, नंतर पाहू. त्यात गैर काही नाही. पण ज्या पेढीचं निम्मं पुस्तक उचंतमध्ये, तिनं "आमच्याकडे तुमचं कुटुंब पक्कं" अशी पाटी लावू नये. मी तरी त्यावर सही करणार नाही.

@नगरचा_ख्रिस्ती, तुमच्या आजी आणि माझ्या शेजारच्या आजी एकत्र बसवल्या पाहिजे होत्या.

डोंबिवली_फास्ट

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझा मुलगा शिकायला तिकडे गेला आणि मॉर्मन झाला. त्यात मला काही म्हणायचं नाही. सिगारेट सुटली, चेहऱ्यावर तेज आलं. २०१६ मध्ये त्याचं लग्न ठरलं. आम्ही दोघं पहिल्यांदाच अमेरिकेला गेलो. जाताना पैठणी, मुंडावळ्या आणि एका डबीत हळद-कुंकवाच्या अक्षता घेतल्या.

तिथे गेल्यावर कळलं की टेंपलच्या आत आम्हाला जाता येणार नाही. आत जायला रेकमेंड नावाचं कार्ड लागतं. बिशप मुलाखत घेतो. श्रद्धा आहे का, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देता का, चहा-कॉफी-दारू-तंबाखू पाळता का. आमच्या ह्यांना सकाळचे दोन कप लागतात, म्हणजे तिथेच संपलं. मुलीची आजी कॅथलिक, तीही बाहेर. आम्ही तिघं एका खोलीत बसलो. मऊ गालिचा, पाण्याचे ग्लास, भिंतीवर येशूचं चित्र, एक गोड बाई सारखी येऊन विचारत होती, काही हवंय का. मला काय हवं होतं ते तिला कसं सांगणार?

मुलानं नंतर सांगितलं, आत समोरासमोर दोन मोठे आरसे असतात, त्यात नवरा-नवरी एकमेकांमागे एकमेकांमागे अशी संपतच नाहीत. त्याला ते फार आवडलं होतं. मी ऐकून घेतलं. मला एवढंच दिसत होतं की त्या न संपणाऱ्या रांगेत मी कुठे नव्हते. आपल्याकडे आंतरपाट धरला तरी दोन मिनिटांत खाली येतो.

मी विचारलं होतं, आधी कोर्टात लग्न करा, आम्ही बघू, मग टेंपलमध्ये जा. तर म्हणे तसं केलं तर टेंपलसाठी वर्षभर थांबावं लागतं, आणि लोक काहीबाही समजतात. २०१९ च्या मे महिन्यात तो नियम काढला. तीन वर्षं आधी काढला असता तर! इंग्लंडसारख्या देशांत, जिथे कायद्यानं आधी सरकारी लग्न लागतं, तिथे ही वर्षाची अट नव्हतीच, हे मला नंतर कळलं. म्हणजे अनंतकाळाचा नियम देशाच्या हद्दीप्रमाणे बदलत होता.

संध्याकाळी स्वागतसमारंभ चर्चच्या हॉलमध्ये, डोक्यावर बास्केटबॉलची रिंग. मी त्या रिंगखाली दोघांवर अक्षता टाकल्या. सून छान आहे. सगळा तांदूळ तिनंच वेचून परत डबीत भरला.

अमुक_तमुक

थोडा विषयाला फाटा. मॉर्मन लोक मेलेल्यांच्या नावानंही बाप्तिस्मा करतात, जिवंत माणूस त्यांच्या जागी उभा राहतो. त्यातून आपले गांधीजीही सुटलेले नाहीत. १९९६ मध्ये कुणीतरी त्यांच्या नावानं तो उरकला होता, अशी बातमी २०१२ मध्ये आली होती. ज्यूंच्या संघटनांशी तर १९९५ मध्येच चर्चला लेखी मान्य करावं लागलं होतं की हिटलरच्या छळछावण्यांत मेलेल्यांची नावं यात घेणार नाही. तरी अ‍ॅन फ्रँकचं नाव २०१२ मध्ये पुन्हा निघालं. मेलेला माणूस तिकडे नकार देऊ शकतो असं ते म्हणतात. बापूंनी दिला असेल. सवय होती.

मधला_मार्ग

सगळे जरा एकाच बाजूनं बोलताय. तरण्या नवऱ्याला पुरून आलेल्या चोवीस वर्षांच्या पोरीला "तो तुला परत भेटेल" हे वाक्य १९६८ साली किती मोठं वाटलं असेल? आणि वडाला दोरा गुंडाळणाऱ्यांनी दुसऱ्याच्या आरशांना हसावं का? आपली पोथी काय बायकांना विचारून लिहिली होती? विधवेनं तर वडाकडे फिरकायचंच नाही. यांनी निदान तिचं दुसरं लग्न लावून दिलं.

ओरेमचा_जुना_भाडेकरू

@मधला_मार्ग, विधवेचा मुद्दा मान्य. त्यावर मी गप्प.

पण 'आमचं हे अनादी-अनंत आहे' असा दावा असला की जुनी पानं उलटून बघावीच लागतात. १८९४ पर्यंत कित्येक लोक स्वतःच्या आई-बापाशी सील होतच नसत, एखाद्या बड्या प्रेषिताचा मुलगा म्हणून सील होत, चांगली वर्णी लागावी म्हणून. त्या वर्षी चर्चचा तेव्हाचा अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यानं सांगितलं, बास, आता आपापल्या बापाशी जोडा, आणि जितकं मागे जाता येईल तितकं जा. वंशावळी शोधण्याची चर्चची संस्था त्याच वर्षी निघाली. तेव्हा 'कुटुंब कायमचं' मधलं कुटुंब म्हणजे कोण, हेच एकदा बदललंय. सॉल्ट लेकचं टेंपल १८५३ ते १८९३ अशी चाळीस वर्षं बांधत होते. त्याचा दगड या व्याख्येपेक्षा जास्त टिकला. मग आजींच्या चार मुलांची नोंद बदलायला काय हरकत आहे? पेनच तर उचलायचंय.

बर्फातली_सातारकर

@मधला_मार्ग, तुमचं बोलणं मी तसंच आजींना सांगितलं (वडाचं सोडून, ते समजावायला तास लागला असता). त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्या वाक्यावर मी तीन वर्षं जगले, खोटं नाही बोलणार. "पण नंतर दुसरा एक माणूस आला, आणि एक्कावन्न वर्षं त्याला माहीत होतं की मी उसनी आहे. त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. ते त्यानं बोलायला हवं होतं, असं आता वाटतं." असं त्यांच्याच शब्दांत.

आजोबांना शेवटचं बघायला मी गेले होते ते आठवलं. टेंपलचे पांढरे कपडे, त्यावर हिरवा अ‍ॅप्रन. नंतर हॉलमध्ये जेवण, हॅम आणि चीज-बटाट्याचा तो भाजलेला पदार्थ, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. इथे त्याला फ्युनरल पोटॅटोजच म्हणतात. तेराव्याच्या जेवणासारखा तोही सगळ्यांना मनातून आवडतो आणि कुणी तसं म्हणत नाही. त्या दिवशी प्रत्येक जण आजींना म्हणत होता, "यू विल सी हिम अगेन." मी पण म्हटलं असेन. आता विचार करते, तेव्हा त्या मनात काय म्हणाल्या असतील.

बर्फातली_सातारकर

धागा वर काढतेय, कारण दोघा-तिघांनी पुढे काय झालं विचारलं.

मेमोरियल डेला (मेच्या शेवटी, इथे लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात) आजींना घेऊन दोन्हीकडे गेले. आधी लांबचं गाव. त्यांनी दगडावरचं गवत काढलं, स्वतःच्या नावातल्या अक्षरांत माती गेली होती ती काडीनं कोरून काढली. पाच मिनिटं उभ्या राहिल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "तो पंचविशीचा आहे अजून. मला बघून घाबरेल."

मग आजोबांचं. तिथून परस्पर दगडवाल्याकडे. तिथल्या माणसानं कागद पुढे केला: नाव, जन्मसाल, बाजूला चित्र काय, अमुक टेंपल, तमुक टेंपल, नमुने छापलेलेच होते. मी गप्प, कारण चित्र काढलं तर कोणत्या लग्नाचं हा प्रश्न होताच. आजी म्हणाल्या, टेंपल नको, मासा काढा, त्याच्या माशाशेजारी. त्यानं विचारलं, तेवढाच?

"नाही, जरा लहान. तो उंच होता."